मुक्काम, ओळखपत्र आणि झेरॉक्स

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळला रेल्वेचे फाटे फुटतात आणि जळगावहून अजिंठ्याची लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. त्यामुळे खानदेशातल्या लॉजवर उतरणारी माणसे एका साच्यातली नसतात. रावेर-यावलच्या केळीचा सौदा करायला आलेला व्यापारी, लग्नाचे सोने घ्यायला जळगावला आलेले कुटुंब, भरतीच्या परीक्षेला आलेली मुले, दवाखान्यात दाखल असलेल्या पेशंटचे नातेवाईक, औषध कंपनीचे एमआर आणि अधूनमधून लेण्यांकडे निघालेला एखादा परदेशी पाहुणा, असे सगळे एकाच काउंटरसमोर उभे राहतात. काउंटरवरचा माणूस प्रत्येकाला तेच सांगतो : आधार द्या, झेरॉक्स काढून घेतो. बहुतेकजण काही न बोलता कार्ड पुढे करतात. पण हे कार्ड मागण्याचा अधिकार लॉजवाल्याला कुठून आला, त्याची प्रत ठेवणे गरजेचे आहे का, ती किती दिवस ठेवायची आणि परदेशात आपण हॉटेलात उतरतो तेव्हा हाच व्यवहार कसा होतो, यावर गेल्या पंधरा वर्षांत बरीच चर्चा झाली आहे. ती आज कुठवर आली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात, म्हणून त्या आधीच सुट्या करून घेतो. पहिली गोष्ट ओळखपत्र दाखवण्याची : समोर उभा असलेला माणूस आणि कार्डावरचा माणूस एकच आहे, एवढे पाहून घेणे. दुसरी नोंदीची : नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, आल्याची आणि निघाल्याची वेळ वहीत लिहिणे. तिसरी प्रत ठेवून घेण्याची : कार्डाची झेरॉक्स काढून फायलीत लावणे किंवा मोबाइलवर फोटो काढणे. कायद्याचा, पोलिसांचा आणि प्रवाशाचा या तिन्हींशी असलेला संबंध सारखा नाही. पहिल्या दोन गोष्टींना भक्कम आधार आहे. तिसरी सवयीने चालत आली आहे आणि तिचा आधार सर्वांत कच्चा आहे, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन त्याच अंगाने जाईल. मात्र उलट बाजूलाही वजनदार मुद्दे आहेत आणि ते त्यांच्या पूर्ण वजनाने मांडले पाहिजेत.

दस्तकापासून सी-फॉर्मपर्यंत

परक्या माणसाची नोंद ठेवणे ही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे होती, त्यांत शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांवर लक्ष ठेवण्याचे काम होतेच. दस्तक आणि राहदारीचा परवाना हे शब्द तर मराठी कागदपत्रांत जागोजागी भेटतात. इंग्रजी अमलात या पद्धतीला कायद्याचे रूप आले. १८६७ च्या सराय कायद्याने सराय चालवणाऱ्यावर नोंदणीची, स्वच्छतेची आणि पहाऱ्याची जबाबदारी टाकली आणि आदल्या दिवशी किंवा रात्री कोण उतरले होते याची माहिती मागवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. नोंद आणि माहिती कळवणे ही आजच्या लॉजच्या वहीची दोन्ही कामे तिथे दिसतात. राज्यात लॉज आणि राहण्याच्या हॉटेलांवरच्या नियंत्रणाचा मुख्य आधार आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा आहे; त्याच्या कलम ३३ ने पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी यांना अशा जागांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर हे नियंत्रण कडक झाले. ठिकठिकाणी मनाई आदेश निघाले आणि ते मोडणाऱ्या लॉजचालकांवर गुन्हे नोंदवले गेले. तपासणीला आलेल्या हवालदाराने फाइल मागितली तर दाखवायला कागद हवा, ही काउंटरवरची धास्ती याच काळात पक्की झाली.

याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ओळखीचा कागद सगळ्यांकडून सारख्या कारणाने मागितला गेलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक भटक्या जमातींना गावाबाहेर जायचे तर पास लागत असे आणि मुक्कामी हजेरी द्यावी लागत असे. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. पण ज्यांचे पाल आज या गावी आणि उद्या त्या गावी पडते, त्यांच्यापर्यंत कायम पत्त्याचा पुरावा फार उशिरा पोहोचला. ज्याच्याकडे कागद नाही त्याला लॉजवर, धर्मशाळेत आणि भक्तनिवासात काय ऐकावे लागते, हा या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी चर्चिलेला भाग आहे.

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत कायदा पहिल्यापासून नेमका होता. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ७ ने हॉटेलचालकाला परदेशी पाहुण्याची माहिती देणे बंधनकारक केले आणि १९९२ च्या नियमांनी त्यासाठी चोवीस तासांची मुदत घातली. हाच तो सी-फॉर्म. जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते, म्हणून जळगावात उतरून अजिंठ्याला जाणाऱ्या पाहुण्याची माहिती आधी कागदावर आणि नंतर ऑनलाइन त्यांच्याकडे जाऊ लागली. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्यात विरून गेले. हॉटेलची जबाबदारी नव्या कायद्यातही राहिली. शिवाय शिक्षणसंस्था आणि दवाखान्यांवरही माहिती कळवण्याचे काम आले. इथे वाद कमी आहे. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, हॉटेलने तपशील भरून पाठवायचा, यावर फारसे कुणाचे दुमत नाही. वादाची खरी जागा देशातल्या देशात हिंडणाऱ्या प्रवाशाच्या आधार कार्डाची आहे.

टेंभलीहून निघालेला क्रमांक

आधारचा पहिला क्रमांक खानदेशातच दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत ते वाटप झाले. १ जुलै १९९८ पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला शिधा, पेन्शन आणि बँकेचे खाते मिळावे, म्हणून हा क्रमांक आला. लॉजच्या काउंटरवर दाखवण्यासाठी तो काढलेला नव्हता. पण शंभर कोटींहून अधिक लोकांच्या खिशात एकाच रूपाचे, फोटो आणि पत्ता असलेले कार्ड आले, तेव्हा तेच सगळीकडे मागितले जाणे ओघानेच आले. निवडणूक ओळखपत्र १९९३ पासून होते, वाहन परवाना होता, पासपोर्ट होता. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते लॉजवर बहुधा चालत नाही. हळूहळू 'ओळखपत्र दाखवा' ऐवजी 'आधार द्या' हा शब्दप्रयोग रूढ झाला. बोलीतल्या या बदलात कायद्याचा काहीच हात नव्हता.

न्यायालयात मात्र उलट दिशेने पावले पडत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा कायम ठेवला, पण खासगी संस्थांना कराराच्या जोरावर आधारची पडताळणी करू देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला. पुढच्या वर्षी दुरुस्ती होऊन स्वेच्छेने आणि ऑफलाइन पडताळणीची वाट खुली झाली. मग आले मे २०२२ चे प्रकरण, आणि त्यावरून या विषयातला गोंधळ जितका कळतो तितका दुसऱ्या कशावरून कळत नाही. २७ मे रोजी आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाच्या बेंगळुरू विभागीय कार्यालयाने एक सूचना काढली : आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, हॉटेले आणि सिनेमागृहे यांसारख्या परवाना नसलेल्या खासगी जागांना आधारची प्रत घेण्याची किंवा ठेवण्याची मुभा नाही, द्यायचेच तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत, २९ मे रोजी, चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता सांगून ती मागे घेतली गेली आणि नेहमीची सावधगिरी बाळगा एवढाच सल्ला उरला. लॉजचालकाने यातून काय समजावे? शुक्रवारी प्रत ठेवणे गैर होते, रविवारी त्याबद्दल काहीच सांगायचे उरले नाही. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस प्राधिकरणाने पुन्हा सांगितले की हॉटेले आणि कार्यक्रमांचे आयोजक यांनी प्रत घेण्याऐवजी क्यूआर कोड किंवा नव्या आधार ॲपवरून पडताळणी करावी, आणि अशी पडताळणी करणाऱ्यांनी नोंदणी करावी, असा नियम आणला जात आहे. तीन वर्षांत गाडी फिरून त्याच स्टेशनावर आली, फक्त यावेळी हातात साधन होते.

याच सुमारास दुसरा कायदा आकाराला आला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कामापुरतीच माहिती घ्या, ती कशासाठी घेतली ते सांगा, काम झाले आणि दुसरा कोणता कायदा ठेवायला सांगत नसेल तर पुसून टाका, हा त्याचा गाभा. मात्र हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. फायलीतली कागदी झेरॉक्स त्याच्या कक्षेबाहेर राहते. तिचाच मोबाइलवर फोटो काढला की ती कक्षेत येते.

काउंटरच्या दोन्ही बाजू

पोलिसांची भूमिका सरळ आहे. गुन्हा करून पळालेला माणूस कुठेतरी रात्र काढतोच, आणि हरवलेली मुलगी, पळवून आणलेले मूल किंवा चोरीचा माल घेऊन निघालेला माणूस लॉजच्या वहीतूनच सापडतो. महामार्गांच्या चौफुलीवरच्या गावांना ही गरज जास्त. सुरतेच्या बाजूने आलेला माणूस दोन तासांत राज्याची सीमा ओलांडून नंदुरबार जिल्ह्यात असतो आणि सकाळी मध्य प्रदेशात. गुजरातेत यासाठी 'पथिक' नावाची प्रणाली आहे, तिच्यात हॉटेलवाले पाहुण्यांची नोंद करतात. महाराष्ट्रातही असे काही व्हावे, असे पोलीस दलातल्या कुणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. नोंद नसेल तर तपासाचा पहिलाच धागा तुटतो, हा मुद्दा हलक्याने घेण्यासारखा नाही.

लॉजचालकाची अडचण याहून वेगळी आहे आणि बहुतेक चर्चेत ती कुणी विचारत नाही. जिल्ह्यातल्या साध्या लॉजवर रात्रपाळीला एकच माणूस असतो. त्याच्यासमोर जाड पुठ्ठ्याची लांबोडकी वही असते. अनुक्रमांक, नाव, वय, सोबतची माणसे, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचे कारण, मोबाइल नंबर, खोली क्रमांक, सही असे रकाने. 'कारण' या रकान्यात ओळीने 'काम', 'काम', 'लग्न', 'काम'. शेजारी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कार्डांच्या प्रती, पंच केलेल्या, कडा वळलेल्या. या माणसाला कार्ड खरे की खोटे हे ओळखायचे शिक्षण कुणी दिलेले नाही. उद्या काही निघाले तर मी माझ्याकडून कागद घेतला होता, एवढेच त्याला दाखवता येते. त्याच्या लेखी झेरॉक्स म्हणजे स्वतःची ढाल. ती ढाल त्याच्या हातून काढून घ्यायची असेल तर त्याच्या हातात दुसरे काय द्यायचे, याचे उत्तर आधी तयार हवे.

खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे की ही फोल्डरे कुलपात नसतात. वर्ष उलटले की ती माळ्यावर जातात, माळ्यावरून रद्दीत जातात, आणि तिथून पुढे नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि बारा आकडी क्रमांक कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. खोट्या सिमकार्डापासून परस्पर काढलेल्या कर्जापर्यंतच्या फसवणुकींना असाच कागद लागतो. या मांडणीत आणखी एक बारकावा आहे. प्रवासी कुठल्या रात्री, कुठल्या गावी, कुणासोबत राहिला हे त्या फोल्डरला कळते, आणि ही माहिती आधार क्रमांकाहूनही नाजूक असू शकते. अविवाहित जोडप्यांना खोली नाकारणे हा त्याचाच एक पदर. सज्ञान अविवाहित स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइंबतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते. तरीही 'लोकल आयडी चालणार नाही' हे वाक्य जिल्ह्या-जिल्ह्यांत ऐकू येते. घरात भांडण झाले म्हणून रात्रीपुरती खोली शोधणारी बाई, गावातल्याच दवाखान्यात आई दाखल असलेला मुलगा, कागदावरचे नाव आणि आजचे रूप जुळत नाही अशी तृतीयपंथी व्यक्ती, यांना या वाक्याचा फटका बसतो. ओळखपत्र मागणे आणि ओळखपत्र पाहून माणूस नाकारणे या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि दुसऱ्या गोष्टीला सुरक्षेचे कारण पुरत नाही.

परदेशातले काउंटर

परदेशात हा व्यवहार कसा चालतो, हे खानदेशातल्या वाचकाला आता परके राहिलेले नाही. जळगावच्या आणि धुळ्याच्या घराघरांतली मुले शिकायला आणि नोकरीला बाहेर आहेत, हज आणि उमराहला जाणारे आहेत, पशुपतिनाथाच्या यात्रेला बसने निघणारे आहेत. सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट ही की परदेशी हॉटेलच्या काउंटरवर आधारचा उपयोग नसतो. पासपोर्ट हीच ओळख. नेपाळ आणि भूतानसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते. आधार चालते ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीच्या वरच्यांना, तसे गृह मंत्रालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. यात्रेच्या बसमध्ये मधल्या वयाची माणसे नुसते आधार घेऊन बसली तर सीमेवर त्यांचा खोळंबा होऊ शकतो.

देशोदेशीचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांतला फरकच आपल्या वादावर प्रकाश टाकतो. युरोपात १९९० च्या शेंगेन कराराच्या कलम ४५ नुसार परदेशी पाहुण्याने नोंदणीचा फॉर्म स्वतः भरून सही करायची आणि ओळखपत्र दाखवायचे. जर्मनीने १ जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या नागरिकांना या फॉर्ममधून सोडवले, परदेशी पाहुण्यांसाठी तो कायम ठेवला. स्पेनने उलट वाट धरली. २०२१ चा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये निवासव्यवसायाला लागू करून पाहुण्यांची पूर्वीहून जास्त माहिती मागायला सुरुवात केली, आणि ती तीन वर्षे ठेवायला सांगितली. पण त्याच स्पेनच्या माहिती संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये स्पष्ट केले की हॉटेलांनी ओळखपत्राची किंवा पासपोर्टची प्रत मागू नये. फॉर्ममध्ये नसलेली माहितीही प्रतीत असते, म्हणून ती गरजेपेक्षा जास्त ठरते. नोंद कडक आणि प्रत बंद, हे दोन्ही एकाच देशात एकाच वेळी नांदते. ब्रिटनमध्ये सक्तीचे ओळखपत्रच नाही, तरी १९७२ च्या आदेशानुसार सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि नागरिकत्व लिहून बारा महिने ठेवावे लागते. परदेशी असेल तर पासपोर्ट क्रमांक आणि पुढचा मुक्कामही. जपान मात्र दुसऱ्या बाजूला आहे. तिथे २००५ पासून, जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहून त्याची प्रत ठेवायची सूचना हॉटेलांना आहे. म्हणजे प्रत ठेवणारा प्रगत देश सापडतच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ती सूचना परदेशी पाहुण्यापुरती आहे, देशी नागरिकाला ती लागू नाही.

अमेरिकेतला एक खटला आपल्याला वेगळ्या अर्थाने जवळचा आहे. तिथल्या कितीतरी मोटेलांची मालकी गुजराती कुटुंबांकडे आहे. सुरत-नागपूर रस्त्याने धुळ्याला येणाऱ्या पट्ट्यातलीही माणसे त्यांत आहेत. लॉस एंजेलिस शहराच्या नियमानुसार पोलीस केव्हाही येऊन पाहुण्यांची वही मागू शकत आणि नकार दिला तर जागेवर अटक होऊ शकत असे. पटेल मंडळींनी त्याला आव्हान दिले. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. वही ठेवायला लावणे ठीक, पण ती दाखवण्याआधी तटस्थ अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची संधी लॉजवाल्याला हवी, असा त्याचा आशय. वही कुणाची, ती कुणी कधी उघडायची, हा प्रश्न आपल्याकडे अजून या रूपात विचारलाच गेलेला नाही.

परदेशात पासपोर्ट हातावेगळा होण्याचा प्रश्न याहून जड आहे. हजला यात्रेकरूंचे पासपोर्ट तिथल्या सेवायंत्रणेकडे जमा राहण्याची पद्धत जुनी आहे. हाताला पट्टा आणि २०२४ पासून नुसुक कार्ड हीच यात्रेकरूची रोजची ओळख. आखाती देशांत कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेण्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ नुसार भारतीय पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, बाळगणारा तो फक्त वापरतो. म्हणून हॉटेलच्या भाड्यापोटी किंवा नोकरीच्या हमीपोटी तो कुणाकडे गहाण टाकणे बरोबर नाही. काउंटरवर पाहायला द्यावा, तपशील उतरवून होईपर्यंत तिथेच उभे राहावे आणि परत घ्यावा. प्रत वेगळ्या पिशवीत, एक घरी. हरवला तर पोलिसांत तक्रार आणि जवळचा भारतीय दूतावास हाच रस्ता, आणि त्या वेळी हातातली प्रत उपयोगी पडते. प्रत कुणाकडे असावी, याचे उत्तर इथे आपोआप मिळते : ज्याची ओळख आहे त्याच्याकडे.

प्रतीने काय साधते

आता मूळ मुद्द्याकडे. १ डिसेंबर २०१२ पासून रेल्वेच्या सर्व आरक्षित वर्गांत तिकिटावरच्या एका प्रवाशाने तरी मूळ ओळखपत्र बाळगावे लागते. टीसी कार्ड पाहतो, यादीवर खूण करतो आणि परत देतो. विमानतळाच्या दारावरचा जवान कार्ड पाहतो, तिकिटाशी ताडतो आणि परत देतो. तिथे धोका लॉजपेक्षा नक्कीच कमी नाही, तरी कुणी झेरॉक्स काढून ठेवत नाही. जिथे पाहायचे ते नीट पाहिले जाते तिथे ठेवून घेण्याची गरज पडत नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष मला पटतो. प्रतीचे एक मोठे वैगुण्यही आहे. बनावट कार्डाची झेरॉक्स खऱ्या कार्डाच्या झेरॉक्सइतकीच स्वच्छ निघते. फोल्डरमधला कागद कार्ड खरे होते हे सिद्ध करत नाही, फक्त कार्ड दाखवले गेले एवढेच सांगतो. आधारच्या पत्रावर छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर मात्र त्यातली डिजिटल सही खरी की खोटी ते कळते. गुन्हेगार पकडणे हाच हेतू असेल तर प्रतीपेक्षा पडताळणी जास्त उपयोगी.

यावर पहिला आक्षेप असा की रेल्वेकडे आरक्षणाची यादी असते, विमानतळावर कॅमेरे असतात; लॉजवाल्याकडे वहीशिवाय काहीच नसते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वही चांगली ठेवली पाहिजे. ओळखपत्राचा प्रकार, शेवटचे चार अंक, पाहुण्याने स्वतःच्या फोनवरून दिलेला मिस्ड कॉल, सही आणि वेळ एवढे नीट लिहिले तर तपासाला लागणारा धागा शाबूत राहतो. दुसरा आक्षेप म्हाताऱ्या आणि स्मार्टफोन नसलेल्या पाहुण्यांचा. पण क्यूआर कोड त्यांच्या कागदावर छापलेलाच असतो. स्कॅन करणारा फोन लॉजकडे हवा, पाहुण्याकडे नाही. अडचण आहे ती रात्रपाळीच्या माणसाला ते शिकवण्याची, आणि पत्र चुरगळलेले किंवा लॅमिनेशन केलेले असेल तर कोड वाचला न जाण्याची. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या प्रशिक्षणाने सुटण्यासारख्या आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत हळवा आहे : अपघात झाला तर ओळख कशी पटणार? २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले; बहुतेक वरणगाव-भुसावळ परिसरातले. पहिल्या दिवशी मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जात होते आणि गावात घरोघर फोन लागत होते. पाच महिन्यांनी, २२ जानेवारी २०२५ रोजी, पाचोरा तालुक्यात परधाडे इथे आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून रुळावर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसने उडवले; मृतांत नेपाळचे नागरिकही होते. एकदा आपली माणसे त्यांच्या मुलखात, एकदा त्यांची आपल्या. दोन्ही वेळी कामाला आले असते ते अंगावर किंवा पिशवीत असलेले ओळखपत्र, आणि घरी किंवा आयोजकाकडे ठेवलेली प्रवाशांची अचूक यादी. मागच्या मुक्कामाच्या लॉजच्या फोल्डरमधली झेरॉक्स त्या क्षणी कुणाच्या हाती लागणार नव्हती. ओळखपत्र जवळ बाळगा हा सल्ला या दोन घटनांनी भक्कम होतो. त्याच्या प्रती वाटा हा सल्ला त्यांतून निघत नाही.

सुटायचे राहिलेले

काही प्रश्न मात्र खरेच अधांतरी आहेत. पोलिसांच्या मनाई आदेशात 'ओळखपत्राची प्रत ठेवावी' असे लिहिले असेल आणि माहिती संरक्षण कायदा 'गरजेपुरतेच ठेवा' म्हणत असेल, तर लॉजचालकाने कुणाचे ऐकायचे? नव्या कायद्यात इतर कायद्यांनी सांगितलेली माहिती ठेवायला मोकळीक आहे. पण जिल्ह्यापुरता, मुदतीचा मनाई आदेश त्या मोकळिकीत किती बसतो, हे न्यायालयासमोर अजून तपासले जायचे आहे. हॉटेलांना पडताळणीसाठी नोंदणी करायला लावली तर धुळ्याच्या पाच-सहा खोल्यांच्या लॉजला, मुक्ताईनगरच्या भक्तनिवासाला आणि लग्नापुरत्या उघडणाऱ्या मंगल कार्यालयाच्या खोल्यांना तो नियम सारखाच लागेल का? 'पथिक'सारखी एकत्रित प्रणाली आली तर माळ्यावरची हजार फोल्डरे जाऊन एकच मोठे फोल्डर तयार होईल. ते कुणी उघडायचे, किती दिवसांनी पुसायचे, हा लॉस एंजेलिसमध्ये निघालेला प्रश्न मग आपल्याही दारात येईल. आधार हे नागरिकत्वाचे किंवा जन्मतारखेचे प्रमाण नाही, असे नव्या कार्डांवरच छापलेले असते. मग पाहुणा भारतीय की परदेशी हे काउंटरवरच्या माणसाने ठरवायचे कसे, आणि चुकला तर सी-फॉर्म न भरल्याचा दोष कुणावर? आणि ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही, त्या पालावरच्या माणसाला एका रात्रीसाठी खोली द्यायची की नाही, यावर कुठल्याच आदेशात एक ओळ नाही.

सगळ्यात जवळचा प्रश्न जुन्या फोल्डरांचा आहे. २०२७ च्या मध्यापासून नव्या प्रती काढणे कमी झाले तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत साठलेल्या झेरॉक्स आज जळगाव-धुळ्याच्या कपाटांत, जिन्याखालच्या खोल्यांत आणि माळ्यांवर पडून आहेत. त्या डिजिटल नाहीत, म्हणून नव्या कायद्याच्या बाहेर आहेत. पोलिसांना त्या नको आहेत, पाहुण्यांना त्या आठवत नाहीत. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस अधीक्षकांनी एका ओळीचा लेखी आदेश काढून त्या किती वर्षांनी आणि कशा नष्ट करायच्या हे सांगितले, तर लॉजचालक तेवढे करायला तयार होईल असे मला वाटते, कारण कपाटातली जागा त्यालाही हवी आहे.